वाबाकिमीत दहा दिवसांची कनूयात्रा: आमचा आराखडा तपासून द्याल का?

लांबपल्ला (मिसिसागा)

नमस्कार मंडळी. आम्ही चौघे, म्हणजे मी, माझी पत्नी, धाकटा भाऊ आणि पुण्याहून खास या सहलीसाठी येणारा शाळेपासूनचा एक मित्र, येत्या ऑगस्टच्या उत्तरार्धात कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या वायव्य भागातील वाबाकिमी प्रांतीय उद्यानात कनूने, म्हणजे वल्ह्यांनी चालवायच्या हलक्या होडीने, जाण्याचे ठरवत आहोत. ओंटारिओतल्याच अल्गॉन्क्विन उद्यानात तीन वेळा आणि किलार्नी उद्यानात एकदा आम्ही तंबू घेऊन वल्हवलेले आहे, मात्र पुण्याच्या मित्राला याचा अनुभव नाही.

आराखडा असा आहे. थंडर बेहून गाडीने आर्मस्ट्राँगला जायचे, गाडी तिथे ठेवायची, लिटल कॅरिबू तलावावर दोन कनू पाण्यात सोडायच्या आणि कॅरिबू, स्मूथरॉक, वाबाकिमी असे तलाव करत पुढे अ‍ॅलनवॉटर नदीने अ‍ॅलनवॉटर ब्रिज या रेल्वेथांब्याला पोहोचायचे. तिथून टोरांटोकडे जाणारी 'कॅनेडियन' ही ट्रेन पकडून आर्मस्ट्राँगला उतरले की आपली मोटार हजर. नकाशावर मी मोजलेले अंतर सुमारे १५० किलोमीटर भरते, म्हणजे दिवसाला १५. दहा दिवस पुरतील का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. सामानाची यादी नंतर टाकतो.

सावकाश

सामानाच्या यादीची आम्ही आतुरतेने वाट पाहत आहोत, कारण खुर्चीत बसून दुसऱ्याच्या सामानातले वजन कमी करण्यासारखे सुख नाही.

पोर्टेजपंत

दिवसांच्या प्रश्नाकडे येण्याआधी दिशेविषयी बोलू या, कारण तुमचा आराखडा मला उलटा वाटतो आणि तोही दोन अर्थांनी.

पहिला अर्थ पाण्याचा आहे. अ‍ॅलनवॉटर नदी रेल्वेमार्गाकडून उत्तरेला वाबाकिमी तलावाकडे वाहते. तुम्ही म्हणता त्या दिशेने गेलात, तर सहलीच्या शेवटच्या तीन-चार दिवसांत, म्हणजे अंगातली ताकद आणि डब्यातले अन्न दोन्ही उतरलेले असताना, तुम्हाला प्रवाहाविरुद्ध वल्हवावे लागेल. खाली येताना जे छोटे रॅपिड, म्हणजे खडकांवरून खळाळत उतरणारे पाणी, कनूत बसून पार होतात, त्याच ठिकाणी वर जाताना उतरून दोरीने कनू ओढावी लागते.

दुसरा अर्थ ट्रेनच्या वेळापत्रकाचा आहे. 'कॅनेडियन' आठवड्यातून मोजक्याच दिवशी धावते. तो रूळ मालवाहतूक कंपनीचा असल्यामुळे मालगाड्यांना वाट देत देत ती कित्येक तास उशिरा येते, आणि अशा थांब्यावर ती तुम्ही आधी कळवले असेल तरच थांबते. तुम्ही एक दिवस उशिरा पोहोचलात, तर ती तुमच्यासाठी थांबणार नाही; तुम्ही वेळेवर पोहोचलात, तर तिच्यासाठी तुम्ही रुळाशेजारी डासांच्या संगतीत रात्र काढाल. म्हणून ट्रेन नेहमी सहलीच्या सुरुवातीला घ्यावी. आर्मस्ट्राँगहून ट्रेनने अ‍ॅलनवॉटर ब्रिजला जा, कनू सामानाच्या डब्यात चढवा आणि वल्हवत आपल्या गाडीकडे परत या. उशीर व्हायचा तो फलाटावर होऊ द्यावा, तिथे निदान पोट भरलेले असते. कनूसाठी वेगळे शुल्क पडते. चुलीचे इंधन आणि अस्वलासाठीचा फवारा ट्रेनमध्ये चालतो की नाही, हे तिकीट काढतानाच विचारून घ्या. डब्याच्या दारात वाद घालायला तिथे वेळ मिळत नाही.

नकाशावाचक

पंतांशी पूर्ण सहमत. आता अंतराचा हिशेब.

१५० किलोमीटर तुम्ही बहुधा संगणकावर तलावाच्या मधोमध रेघ ओढून मोजले असणार. प्रत्यक्षात स्मूथरॉकसारख्या मोठ्या तलावावर मधून जाण्याचे धाडस करू नये; किनारा धरूनच जावे लागते, आणि या कॅनेडियन शील्डवरच्या, म्हणजे इथल्या प्राचीन खडकाळ प्रदेशातल्या, तलावांचे किनारे फाटक्या गोधडीच्या कडेसारखे असतात. १:५०,००० प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशावर दोरा ठेवून किनाऱ्याकाठाने पुन्हा मोजा. माझ्या अनुभवात त्यामुळे अंतर पाचव्या हिश्श्याने तरी वाढते.

पोर्टेजचे गणित त्याहून फसवे आहे. (नवीन वाचकांसाठी: जिथे पाण्यातून जाता येत नाही, तिथे कनू खांद्यावर आणि सामान पाठीवर घेऊन जंगलातून चालत पुढच्या पाण्याशी जायचे, त्याला पोर्टेज म्हणतात.) चौघांचे दहा दिवसांचे सामान एका खेपेत जात नाही. दोन खेपा म्हटल्या, की ओझ्यासह एकदा पुढे, रिकाम्या हाताने मागे आणि पुन्हा ओझ्यासह पुढे. म्हणजे एक किलोमीटरच्या पोर्टेजला प्रत्येकाची तीन किलोमीटर चाल होते, आणि ती पण दगड, चिखल आणि आडव्या झाडांवरून.

अल्गॉन्क्विनच्या अनुभवाबद्दल आदर राखून एक सांगतो. अल्गॉन्क्विन १८९३ सालचे उद्यान आहे. तिथे प्रत्येक पोर्टेजच्या तोंडाशी पिवळी पाटी असते. वाबाकिमी १९८३ साली स्थापन झाले आणि १९९७ साली वाढवून सुमारे ८,९०० चौरस किलोमीटरचे केले गेले, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून थोडे मोठेच. एवढ्या प्रदेशात पाट्यांची अपेक्षा ठेवू नका. पोर्टेजची वाट म्हणजे झाडाच्या सालीवरची जुनी कुऱ्हाडीची खूण, किंवा किनाऱ्यावर गवत जरा दबलेले. घडीची करवत घ्या. ती हौसेची वस्तू नाही.

खाडीकाठ (मालवण)

मी तिकडचे बोरिअल, म्हणजे थंड उत्तरेकडचे सूचिपर्णी, जंगल कधी पाहिलेले नाही आणि पाहण्याचा योग दिसत नाही, पण होडीत जन्म गेलेला आहे, म्हणून विचारतो. छायाचित्रांत ही कनू फार अरुंद दिसते, आणि तिला उलांडी (तोल राखण्यासाठी होडीच्या बाजूला आडव्या दांड्यांनी बांधलेले तरंगते लाकूड) नाही. आमच्याकडे एवढ्या अरुंद होडीला उलांडी बांधल्याशिवाय कोणी समुद्रात जाणार नाही. तिकडच्या लोकांना ही सोय सुचली नाही, की त्यामागे काही कारण आहे?

पोर्टेजपंत

खाडीकाठ, फार चांगला प्रश्न विचारलात. वर्षानुवर्षे कनू चालवणारे आम्ही लोकही याचा विचार करत नाही.

कारण पोर्टेजच आहे. अनिशिनाबे या इथल्या मूळ रहिवासी लोकांनी बर्च झाडाच्या सालीची कनू घडवली ती पाण्याइतकीच खांद्यासाठी. फांद्यांच्या बोगद्यातून, एका माणसाला ती उलटी करून डोक्यावर नेता आली पाहिजे. तिथे उलांडी पहिल्याच झाडात अडकेल. आजची केव्हलार या हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याची १७ फुटी कनू २० किलोच्या आसपास भरते. मधोमध खांद्यावर बसणारे लाकडी जू असते, ते मानेच्या दोन्ही बाजूंना टेकले की हात मोकळे राहतात. आणि डास नेमके तेव्हाच नाकावर बसतात.

तोल उलांडीऐवजी गुडघ्यांनी सांभाळायचा. लाट आली की बाकावरून खाली सरकून गुडघे टेकायचे, ते दोन्ही कडांना भिडवायचे आणि सामान तळाशी ठेवायचे. तुमच्या खाडीतले एखादे पोर आमच्यापेक्षा लवकर शिकेल.

उत्तरायण

माझे मत थोडे कडू आहे, ते ऐकून घ्यावे.

दहा दिवस पुरतील का, यापेक्षा चौघांपैकी एक जण संपूर्ण नवखा असताना हा मार्ग निवडावा का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. हे जंगल जळण्यासाठीच घडलेले आहे. जॅक पाइन या इथल्या सूचिपर्णी झाडाची बरीचशी शंकूफळे आगीच्या उष्णतेशिवाय उघडतच नाहीत. २०२१ साली वायव्य ओंटारिओत वणव्यांनी थैमान घातले होते, आणि २०२३ साली संपूर्ण कॅनडात मिळून सुमारे दीड कोटी हेक्टर जंगल जळाले. ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत धोका बहुधा उतरतो, परंतु कोरड्या वर्षी तो उतरेलच असे नाही. निर्बंध जाहीर झाले की लाकडाची शेकोटी पूर्ण बंद होते आणि फक्त गॅसची किंवा द्रव इंधनाची चूल चालते. ज्यांनी स्वयंपाक शेकोटीच्या भरवशावर आखलेला असतो, ते दहा दिवस भिजवलेले पोहे खातात. धूर दाटला की सीप्लेन उडत नाही, हेही लक्षात ठेवा. उपग्रहावरून संदेश पाठवता आला म्हणजे माणूस येईलच, असा समज करून घेऊ नये.

मी स्वतः एकदा वाटाड्या घेऊन गेलो होतो. ज्या संस्थेमार्फत गेलो, तिने कबूल केलेल्या हलक्या कनूऐवजी ३५ किलोची जुनी कनू माथी मारली, याचा राग अजून गेलेला नाही. तरीही पहिल्या खेपेला वाटाड्या घ्यावा, असेच मी म्हणेन.

रानवाटा

उत्तरायण यांचे आगीबद्दलचे म्हणणे खरे आहे, परंतु वाटाड्याबद्दल मी सहमत नाही. तीन अनुभवी माणसे आणि पुरेसे दिवस असतील, तर एक नवखा माणूस सामावून घेता येतो. दिवस पुरेसे नसतील, तर वाटाड्यासुद्धा घाई करतो.

आमची गोष्ट सांगते. आम्ही तिघी मैत्रिणी आणि एकीचा नवरा, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात याच भागात होतो. पाचव्या दिवशी एक पोर्टेज आले, नकाशावर जेमतेम ६०० मीटरचे. काही वर्षांपूर्वी तिथे वणवा येऊन गेला होता. जळालेली झाडे उभी राहतात, मुळे कुजतात आणि मग एकेका वादळात ती काड्यापेटीतल्या काड्या सांडाव्यात तशी एकमेकांवर पडतात. मधून जॅक पाइनची रोपे माणसाच्या उंचीची आणि केसांसारखी दाट. पुढे असलेली मैत्रीण चार हातांवर होती, पण मला फक्त तिची पिवळी टोपी दिसत होती. त्या ६०० मीटरना आम्हाला साडेचार तास लागले. संध्याकाळी मोजे काढले तेव्हा काजळीने पाय घोट्यापर्यंत काळे झाले होते आणि ते तलावाच्या पाण्याने निघेनात.

दुसऱ्या दिवशी मोठ्या तलावाच्या काठावर आलो तर पश्चिमेचा वारा. पांढरे फेस दिसू लागले की कनू पाण्यात घालायची नाही, हा नियम आम्ही पाळला आणि एका खडकाळ टोकावर दोन दिवस बसून राहिलो. अन्न मोजून आणले होते. शेवटच्या दिवशी चौघांत मिळून उरले होते ते अर्धी वाटी मेतकूट आणि एक बटाट्याच्या पिठाचे पाकीट. माझ्या मते दर चार-पाच दिवसांच्या वल्हवण्यामागे एक दिवस वाऱ्याच्या नावाने आधीच खर्ची टाकावा. वारा बहुधा दुपारी वाढतो, म्हणून मोठे तलाव पहाटे पाचला निघून न्याहारीच्या आत ओलांडावेत.

सावकाश

अर्धी वाटी मेतकुटाचे चार समान भाग कसे केले, हे कळल्याशिवाय मला झोप येणार नाही.

रानवाटा

चमच्याने. आणि चौथ्या भागावरून झालेले भांडण अजून मिटलेले नाही.

नाडीपरीक्षा

मी डॉक्टर आहे, म्हणून एवढेच सांगतो. या पाण्यात माणूस पडला तर तो गारठून मरेपर्यंत वेळ असतो, पण हातपाय चालण्याचा वेळ फार थोडा असतो. मॅनिटोबा विद्यापीठातील गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंड पाण्यासाठी १-१०-१ हे सूत्र लोकांपर्यंत पोहोचवले. पहिल्या एका मिनिटात श्वास ताब्यात आणायचा, कारण धक्क्याने धाप लागून पाणी आत जाते. नंतरची साधारण दहा मिनिटे बोटे आणि दंड कामाचे राहतात. तेवढ्यात बाहेर पडायचे. शुद्ध हरपायला मात्र सुमारे एक तास लागतो. हा तास लाइफ जॅकेट अंगात असेल तरच मिळतो. ते कनूत पायाशी ठेवले, तर कायदा पाळला जातो पण जीव वाचत नाही. ऑगस्टमधले पाणी मे महिन्यासारखे गोठवणारे नसले, तरी सूत्र विसरू नये. कायद्यानेच सांगितलेल्या इतर वस्तू, म्हणजे १५ मीटरची तरंगणारी दोरी, पाणी उपसायचे भांडे आणि शिट्टी, हाताशी ठेवा. शिट्टी पिशवीत नको, जॅकेटला बांधलेली हवी.

पाणी गाळून किंवा एक मिनिट खळखळून उकळूनच प्या. तलाव आरशासारखा स्वच्छ दिसला, तरी बीव्हर या पाण्यात राहणाऱ्या प्राण्यांना आपण आंघोळीपासून रोखू शकत नाही.

भाजणी

अखेर माझ्या विषयाला कोणीतरी हात घातला. दर माणशी दर दिवशी ८०० ग्रॅम कोरडे अन्न धरा. चौघांचे बारा दिवसांचे ३८ किलोच्या वर जाते, आणि रानवाटांची गोष्ट वाचल्यावर त्यात दोन दिवसांचे जास्तीचे धरावेच.

कच्च्या डाळी नेऊ नका, त्या शिजवण्यात इंधन संपते. मटकीची उसळ घरी नेहमीसारखी शिजवून, तेल अगदी कमी ठेवून, वाळवणीच्या यंत्रात कडक वाळवा. दुपारच्या मुक्कामी झाकणाच्या डब्यात गार पाण्यात भिजत घातली, की संध्याकाळी एका उकळीत तयार होते. पिठल्याचे बेसन खमंग भाजून त्यात मोहरी, हिंग, हळद, तिखट, वाळवलेला लसूण आणि मीठ आधीच मिसळून न्या. उकळत्या पाण्यात भुरभुरले की पाच मिनिटांत पिठले. तेल वेगळ्या बाटलीत घ्या आणि ते हात सैल सोडून वापरा. थंडीत वल्हवणाऱ्या माणसाला तेला-तुपाशिवाय ऊब येत नाही. दुपारसाठी डिंकाचे लाडू. थालीपिठाची भाजणी न्यावी असे माझे नाव सांगते, परंतु तव्याचे वजन पाहून मी ती घरीच ठेवते.

पुण्याच्या मित्राने तिकडून काही आणले, तर विमानतळावर ते सगळे जाहीर करावे. दूध आणि मांस असलेल्या पदार्थांबाबत तिथे नियम कडक आहेत.

सावकाश

हिंगाच्या फोडणीवर अस्वल येते का?

पोर्टेजपंत

अस्वल कशावरही येते, टूथपेस्टवरसुद्धा. स्वयंपाक तंबूपासून शंभर पावले तरी दूर करा. अन्न ६० लिटरच्या कडीबंद निळ्या पिंपांत ठेवा आणि रात्री ती पिंपे तंबूपासून लांब झाडीत न्या. झाडाला टांगण्याचा सल्ला पुस्तकांत असतो, पण इथल्या काळ्या स्प्रूसच्या फांद्या बाटल्या धुवायच्या ब्रशसारख्या असतात. त्या पिंपाचा भार पेलत नाहीत.

लांबपल्ला

मंडळी, मनापासून आभार. दोन दिवस नकाशा घेऊन बसलो होतो. नकाशावाचक यांच्या सांगण्यावरून दोऱ्याने मोजले तर १५० चे १८० झाले, आणि पोर्टेजची चाल त्यात अजून धरलेलीच नाही. दिशा उलटवणे मान्य आहे. हे आपल्या लक्षात कसे आले नाही, म्हणून पत्नीने मला दोनदा विचारले.

तीन शंका राहिल्या आहेत. ऑगस्टच्या शेवटी माश्यांचा त्रास किती असतो? मित्र पर्यटक म्हणून येत असल्यामुळे त्याला वेगळा परवाना लागेल का? आणि उपग्रह संदेशयंत्र एक पुरेल की दोन्ही कनूंत एकेक हवे?

रानवाटा

चावणाऱ्या काळ्या माश्यांचा मोसम मे अखेर आणि जून, डासांचा जून-जुलै. ऑगस्ट संपताना दोन्ही बरेच ओसरलेले असतात, म्हणूनच तुमची वेळ उत्तम आहे. मात्र रात्री पारा शून्याजवळ जाऊ शकतो, तेव्हा झोपायची पिशवी त्या हिशेबाने निवडा.

नकाशावाचक

उद्यानाच्या हद्दीत चौघांनाही मुक्कामाचा परवाना लागतो. हद्दीबाहेरच्या सरकारी जमिनीवर, म्हणजे रेल्वेमार्गाजवळच्या पहिल्या मुक्कामी, कॅनडाच्या रहिवाशाला २१ दिवसांपर्यंत फुकट राहता येते. तुमच्या मित्राला मात्र दर रात्रीचा परवाना आधी विकत घ्यावा लागेल. वॉलाय आणि पाइक या माशांसाठी गळ टाकणार असाल, तर मासेमारीचा परवाना निराळा.

उत्तरायण

यंत्रे दोन घ्या. कनू उलटली की यंत्र तिच्यासोबत जाते, आणि ते खिशात असलेला माणूस नेमका दुसऱ्या किनाऱ्याला असतो. शिवाय घरी कोणाकडे तरी रोजच्या मुक्कामांची यादी द्या आणि 'अमुक दिवशी संध्याकाळपर्यंत संदेश आला नाही तर पोलिसांना कळव' असे लिहून ठेवा. ती तारीख परतीच्या दिवसाच्या दोन दिवस पुढची ठेवा, नाहीतर वाऱ्याने अडकलेल्या माणसांना शोधायला उगाच विमान निघेल.

दिशा बदललीत, हे वाचून माझा कडूपणा निम्मा झाला आहे.

खाडीकाठ (मालवण)

एक कुतूहल: वाबाकिमी तलावातले हे पाणी शेवटी कुठे जाते?

नकाशावाचक

त्याची गोष्ट गमतीची आहे. तिथून ते ओगोकी नदीत जाते. ओगोकी मुळात ऑल्बनी नदीला मिळून उत्तरेला जेम्स उपसागरात जात असे. १९४३ साली वीजनिर्मितीसाठी तिच्यावर वाबूस धरण बांधून बरेचसे पाणी दक्षिणेला निपिगॉन तलावाकडे वळवले. तेव्हापासून ते सुपीरिअर तलावातून पंचमहासरोवरांत येते आणि थोडेफार टोरांटोच्या समोरूनही जाते. म्हणजे लांबपल्ला यांना मिसिसागाच्या किनाऱ्यावर बसूनही वाबाकिमीचे पाणी पाहता येईल, पोर्टेजशिवाय.

लांबपल्ला

हे पत्नीला वाचून दाखवले. तिला हा पर्याय जास्त पसंत पडला आहे.

तरीही सुधारलेला आराखडा देतो. थंडर बेहून आर्मस्ट्राँगपर्यंतचा अडीचशे किलोमीटरचा रस्ता ट्रेनच्या आदल्या दिवशी, टाकी भरून. गाडी लिटल कॅरिबूच्या धक्क्यावर ठेवायची आणि तिथून स्थानकापर्यंत आम्हाला व कनूंना पोहोचवण्यासाठी गावातल्या एका माणसाशी बोलणे चालू आहे. ट्रेनने अ‍ॅलनवॉटर ब्रिज, तिथून प्रवाहासोबत वाबाकिमी तलाव आणि पुढे स्मूथरॉक. वल्हवण्याचे दहा दिवस, वाऱ्याचे दोन, आणि अन्न चौदा दिवसांचे. टोरांटोहून मित्राचे परतीचे विमान त्यानंतर पाच दिवसांनी ठेवले आहे. जूनमध्ये जवळच्या तलावावर त्याच्याशिवाय, आणि तो आल्यावर त्याच्यासह दोन दिवस, आम्ही मुद्दाम कनू उलटवून परत चढण्याचा सराव करणार आहोत.

पोर्टेजपंत

आता बरोबर झाले. दहाच्या ऐवजी अकरा केलेत तर अधिक बरे, पण वाऱ्याचे दोन दिवस काही झाले तरी कापू नका. आगीच्या निर्बंधांची स्थिती निघण्याच्या दिवशी सकाळी पुन्हा पाहा.

रानवाटा

एक राहिले. धक्क्यावर ठेवलेल्या गाडीची किल्ली कोणाकडे असणार?

लांबपल्ला

माझ्या पँटच्या खिशात.

रानवाटा

दुसरी किल्ली दुसऱ्या कनूतल्या माणसाकडे, चेनच्या खिशात, दोरीने बांधून. आम्ही धक्क्यावर पोहोचल्यावर पाऊण तास पिशव्या उलट्या करत होतो आणि शेवटी ती पिठाच्या डब्यात सापडली.

भाजणी

कोणत्या पिठाच्या?

रानवाटा

बटाट्याच्या. भाजणी असती तर आधीच संपली असती आणि किल्ली पाचव्या दिवशीच सापडली असती.